साडभाऊ आणि तीनशे टेस्टा

एकच गोष्ट दोनदा झालेली पाहून ज्याच्या अंगात खराखुरा ताप भरतो, असा माणूस आमच्या अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं जोरदार की तो नेमका माझा साडभाऊ निघाला. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, आमच्या ताईचा, नवरा. ताप मी उगाच म्हणत नाही. त्यांच्या घरात एकदा एकाच भिंतीवर दोन कॅलेंडरं लागली, एक किराणावाल्यानं दिलेलं आणि एक बियाणंवाल्यानं, तर हा माणूस दोन दिवस धड जेवला नाही. ताईनं थर्मामीटर लावला तर पारा नव्याण्णवच्या वर. एक कॅलेंडर काढून टाकावं तर ताई काढू देईना, कारण एकावर दुधाच्या खुणा आणि दुसऱ्यावर लग्नाकार्याच्या. शेवटी साडभाऊंनी तोडगा काढला. एक कॅलेंडर चालू महिन्याचं ठेवायचं आणि दुसरं कायम पुढल्या महिन्याचं. आता भिंतीवर काहीच दोनदा नव्हतं, ताप उतरला. फक्त पुढल्या महिन्यातल्या बारा तारखेच्या साखरपुड्याला ताई याच महिन्याच्या बारा तारखेला बाजारहत्नूरला जाऊन पोचली, नवी साडी नेसून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. त्या घरची माणसं भली. त्यांनी चहा पाजला, पेढे ठेवून घेतले, आणि खरा साखरपुडा असेल तेव्हा पेढे न आणता या म्हणाले. हे ऐकून साडभाऊ इतके खूश झाले की ताईची चिडचिड त्यांना ऐकूच आली नाही.

पूर्वी ते एका खाजगी शाळेत गणिताचे मास्तर होते. तिथे अ तुकडीत शिकवलेला धडा ब तुकडीत शिकवायची वेळ आली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. एक दिवस त्यांनी दोन्ही तुकड्या एकाच वर्गात कोंबल्या, एका बाकावर सहा-सहा पोरं बसवली, आणि अपूर्णांक एकदाच काय ते शिकवून टाकले. पोरांना समजले, ही गोष्ट वेगळी. पण रिकाम्या पडलेल्या ब वर्गात एक बकरी शिरून नकाशा खाऊन गेली आणि हेडमास्तरांनी साडभाऊंना बोलावून घेतलं. तिथून ते सॉफ्टवेअरकडे वळले. फोनवरसुद्धा माणूस असाच. एकदा विचारलेला प्रश्न पुन्हा विचारणार नाही. माझ्या लग्नानंतर त्यांनी मला 'तब्येत कशी हाय' असं विचारलं, मी 'बरी हाय' म्हणालो, आणि त्यांच्या दृष्टीनं तो विषय तिथे कायमचा संपला. मध्यंतरी मला डेंग्यू झाला होता तो त्यांना मी हिंडता-फिरता झाल्यावर कळला.

आमचे सासरे तहसील दफ्तरातून निवृत्त झालेले. बोलण्यात मिसल, दरखास्त, फैसला असले जुने शब्द, आणि गोष्टी पाच. प्रत्येक गोष्ट एकाच जीपनं सुरू होते: पाऊस लागलेला, नाल्याला पूर, तहसीलदारसाहेब जीपमध्ये आणि जीप चिखलात. पुढे तहसीलदार कोण होता त्याप्रमाणे शेवट बदलतो, कुणी रडतो, कुणी शिव्या देतो, एक तर पोहत गेला. आम्ही बाकीचे जावई प्रत्येक वेळी अगदी पहिल्यांदा ऐकतोय असा चेहरा करून मान डोलवतो. साडभाऊंनी मात्र एका दिवाळीत सासऱ्यांना हात जोडून सांगितलं, "मामा, पूर, नाला, जीप, हे पाचही गोष्टीत सेम हाय. ते एकडाव सांगा. मंग फक्त तहसीलदार बदलत जा." सासरे आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी पाचही गोष्टी त्या पद्धतीनं सांगून पाहिल्या, आणि खरं सांगतो, गोष्टी दुप्पट रंगल्या. आता ते पाहुण्यांना आधीच विचारतात, कोणता तहसीलदार लावू?

पण प्रत्येक ठिकाणी असं गोड होत नाही. आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात एका कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्यांच्याकडे दिलं होतं. भाषणं करणारे नऊ जण. नऊही जण 'आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, समोर बसलेले उपासक-उपासिका' असं म्हणूनच सुरू करणार, हे साडभाऊंना ठाऊक. त्यांनी ते सगळं स्वतः एकदाच म्हटलं आणि जाहीर केलं की यापुढच्या प्रत्येक वक्त्यानं 'वरीलप्रमाणे' म्हणून थेट मुद्द्यावर यावं. आता ज्याच्या भाषणात नमस्कारच बारा मिनिटांचे त्याच्याकडे मुद्दा कुठून येणार? तिसरे वक्ते तर 'वरीलप्रमाणे' म्हणाले, थोडा वेळ उभे राहिले आणि खाली बसले. एक वाजता संपणारा कार्यक्रम साडेदहाला संपला, आणि स्वयंपाकवाल्यांनी तेव्हा कुठे वांगी चिरायला घेतली होती. अडीचशे माणसं उन्हात भुकेली बसली. पुढल्या वर्षीपासून त्यांना फक्त खुर्च्या मांडायचं काम देतात. त्यात ते खूश आहेत, खुर्च्या शेवटी एकदाच मांडायच्या असतात.

असा हा माणूस माझ्याच ऑफिसात आला. आमचं ऑफिस एका बियाण्याच्या दुकानाच्या वर, दोन खोल्या, सहा माणसं. आम्ही बनवत होतो कापूस विकणाऱ्यांसाठी मोबाइलचं ॲप. मार्केट यार्डासमोर तीन-तीन दिवस गाड्यांची रांग लागण्यापेक्षा घरबसल्या फोनवर नंबर लावा, आपल्या दिवशी कापूस आणा, एवढी साधी गोष्ट. ॲप लोकांच्या हाती देण्याआधी ते नीट चालतं का ते तपासावं लागतं, आणि दर वेळी माणसानं बोटं दाबत बसायला नको म्हणून आम्ही ते काम मशीनला लिहून देतो: ॲप उघड, भाषा निवड, फोन नंबर टाक, ओटीपी टाक, आत जा, मग अमुक कर आणि तमुक झालं का ते पाहा. अशा एका कामाला एक टेस्ट म्हणायचं. त्या टेस्टा लिहायला मी होतो. माझी पद्धत सरळ. एक टेस्ट चालली की तीच उचलायची, खाली डकवायची, शेवटच्या दोन ओळी बदलायच्या. दिवसाला दहा टेस्टा व्हायच्या, मालक खूश, मी खूश. वर्षभरात तीनशे टेस्टा उभ्या केल्या आणि मला त्याचा गर्व होता, का नसावा?

साडभाऊंनी पहिल्याच दिवशी माझी फाइल उघडली. खाली गेले, अजून खाली गेले, पाणी प्यायले, पुन्हा खाली गेले. मग माझ्याकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, "बापू, हे तुनं लेह्यलं का छापलं?" बापू म्हणजे मी. मी म्हणालो, चालून राह्यलं ना, मग झालं. दुपारी ते जेवायला घरी गेले, आणि ताईचा फोन आला की यांचं अंग गरम लागून राह्यलं, ऑफिसात काय झालं?

मला अद्दल घडायला फार दिवस लागले नाहीत. कापसाची खरेदी सुरू व्हायला पंधरवडा उरला असताना ठरलं की भाषा आधी न विचारता फोन नंबरानंतर विचारायची. पडद्यांची नुसती अदलाबदल. पण माझ्या तीनशेच्या तीनशे टेस्टा त्याच पडद्यानं सुरू होत होत्या. सकाळी मशीन चालवलं तर तीनशे लाल, म्हणजे सगळ्या नापास. मालक माणूस बरा, पण त्या दिवशी त्यांनी दार लावून सांगितलं की बारा दिवसांत टेस्टा हिरव्या दाखवता आल्या नाहीत, तर हे काम हैदराबादच्या कंपनीकडे जाईल आणि आपण इथे कुलूप लावू. माझी बायको नार्नूरला सरकारी शाळेत शिक्षिका, तिला जिल्हा सोडता येत नाही. घरी म्हातारे आईबाप, पोरगी तिसरीत. मी सहा वर्षं हैदराबादला एका खोलीत एकटा राहून, पोरीचं बोलणं फोनवर ऐकून, कसाबसा परत आलो होतो. मला पुन्हा जायचं नव्हतं, एवढं मला पक्कं माहीत होतं.

मी म्हटलं, रोज पंचवीस टेस्टा हातानं दुरुस्त करतो, बारा दिवसांत तीनशे. साडभाऊंनी विचारलं, "आन पुढच्या खेपेले पडदा हालला तं?" मग त्यांनी ऑफिसचा ताबा घेतला. माझ्या टेस्टा कागदावर छापून त्यांनी दोन्ही खोल्यांच्या फरशीवर मांडल्या, टेबलं बाहेर गॅलरीत काढली, आणि गुडघ्यांवर रांगत, रंगीत खडू घेऊन सारख्या ओळींवर रेघा मारत निघाले. खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं जिन्यातून डोकावून जायची. एक म्हातारा तर कुणाची तरी शेतमोजणी चालली असावी म्हणून आपलीही सांगून गेला. सारख्या ओळी शोधून देणारं एक सॉफ्टवेअर असतं. तेही त्यांनी चालवलं, पण त्यावर त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता. मशीन अक्षर पाह्यते, मतलब आपल्याले पाहा लागते, असं ते म्हणायचे. आणि खरंच, एकाच बटणाला मी चार टेस्टांत चार नावं दिली होती, ती मशीनला कधीच सापडली नसती. त्यांचा आणखी एक नियम होता. दोनदा झालं तर योगायोग, तीनदा झालं तर सवय. सवयीलाच हात लावायचा. मला वाटलं होतं हा माणूस दिसेल ते कापत सुटेल. तसं नव्हतं. घरी कॅलेंडरावरून आजारी पडणारा माणूस इथे डॉक्टरसारखा सबुरीनं काम करत होता.

आत शिरण्याच्या सगळ्या ओळी त्यांनी एका जागी नेल्या. आता प्रत्येक टेस्टनं फक्त 'आत जा' म्हणायचं. कसं जायचं ते एकाच ठिकाणी लिहिलेलं, बदल झाला तर तिथेच हात लावायचा. प्रत्येक पडद्याची बटणं त्या पडद्याच्या नावानं एकेका डब्यात. गाव, कापसाची जात, भाषा एवढंच बदलून मी लिहिलेल्या चाळीस-चाळीस टेस्टांची एकेक टेस्ट झाली, खाली नुसती गावांची यादी. सासऱ्यांच्या जीपचं सूत्र ते हेच. मी आधी तोंड वाकडं केलं, मग मदतीला लागलो, आणि पाचव्या दिवशी मला चक्क मजा यायला लागली. स्वतःच केलेला पसारा कुणी प्रेमानं आवरून दिला की राग किती दिवस टिकणार? तीनशेच्या सत्तर टेस्टा झाल्या. नवव्या दिवशी सकाळी सत्तरच्या सत्तर हिरव्या झाल्या. मालकांनी जिलेबी आणली. साडभाऊंनी एकच कडं खाल्लं, दुसरं पहिल्यासारखंच लागेल म्हणून.

दहाव्या दिवशी ॲप खऱ्या माणसांच्या हाती देऊन पाहायला आम्ही बाजारहत्नूरला गेलो. पंचायतीच्या ओसरीवर दहा-बारा जण जमले होते. सगळ्यांचे नंबर भराभर लागत होते, साडभाऊ मागे हात बांधून फिरत होते, चेहरा असा की जणू मुलीचं लग्न लागतंय. आणि एका बाईंचं घोडं अडलं. तीनदा तोच पडदा परत येत होता: पासबुकाचा नंबर टाका. त्यांच्याकडे पासबुक, म्हणजे जमीन नावावर असल्याचं सरकारी पुस्तक, नव्हतं. शेत दुसऱ्याचं, त्या मक्त्यानं कसत होत्या. आमच्याकडे असे कितीतरी. त्यांच्यासाठी वेगळी वाट होती, शेतमालकाचं नाव टाकून पुढे जायची, पण पडदे हलवताना ती वाट कुठेतरी बुजली होती आणि आम्हाला कळलंच नव्हतं. बाईंनी फोन ओसरीवर ठेवला आणि पदर सावरून उठल्या.

"कापूस मी पिकवला," त्या म्हणाल्या, "अन् हा फोन मले शेतवाल्याचं पासबुक मांगून राह्यला. राहू द्या बाप्पा, मी रांगीतच बरी."

हे आमच्या टेस्टांना का दिसलं नाही, ते मला तिथेच उमगलं. माझ्या तीनशेमध्ये मक्त्यानं शेती करणाऱ्याची एक टेस्ट होती. ती शेतमालकांच्या टेस्टांसारखीच दिसायची, एकच ओळ जास्त. साडभाऊंना ती ओळ माझ्या गबाळेपणातली वाटली, आणि माझी कीर्ती पाहता कुणालाही वाटली असती. त्यांनी ती त्या टेस्टांतच मिसळून टाकली होती. परत येताना जीपमध्ये त्यांनी विचारलं, ती लाइन तू जाणूनबुजून टाकली होती का? मी हो म्हणालो. माझ्या बापानं वीस वर्षं दुसऱ्याचं शेत मक्त्यानं केलं. आमच्या घरात पासबुक नव्हतंच कधी. ती एकच टेस्ट मी डकवून नाही, विचार करून लिहिली होती.

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी विचारलंच नाई, भाऊ."

"मतलब पाह्यतो, मतलब पाह्यतो म्हनत फिरलो," ते म्हणाले, "आन अक्षरच पाह्यलं." ऑफिसात आल्या आल्या त्यांनी मालकांना उभ्यानं सांगितलं की चूक माझी आहे, बापूची नाही. गेलेली टेस्ट त्यांनी परत आणली, मी दुसऱ्या खुर्चीवर बसून आणखी तीन सांगितल्या: विधवेच्या नावावर न चढलेलं शेत, भावाभावांत न वाटलेलं शेत, आणि बाप गेल्यावर बापाच्याच नावावर राहिलेलं शेत. ते लिहीत गेले, मी सांगत गेलो. दोन दिवसांत ॲपची वाट दुरुस्त झाली, बाराव्या दिवशी काम आम्हीच पुरं करून दिलं आणि ऑफिस राहिलं. त्या बाईंना फोन करून परत बोलावलं ते साडभाऊंनीच. बाईंचा नंबर पहिल्याच दिवशी लागला.

आता इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पूर्वी ज्या टेस्टा चालायला सकाळपासून दुपार व्हायची, त्या आता चहा येईपर्यंत संपायला लागल्या. पडदा बदलला तर एका जागी दोन ओळी बदलल्या की झालं. दोन महिने मालक हे पाहत होते, आणि कुणीही मालक जे विचारतो तेच त्यांनी विचारलं: एवढ्याशा कामाला दोन माणसं कशाला? ते काही वाईट नव्हते. हैदराबादला त्यांच्या मित्राकडे एक जागा होती, पगारही जास्त. दोघांतल्या एकानं तिकडे जायचं, एकानं इथे राहायचं, कुणी ते तुम्ही ठरवा, असं त्यांनी सांगितलं.

आम्ही खालच्या टपरीवर जाऊन बसलो. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, पण साडभाऊंचं आधीच ठरलेलं होतं. दोन ओळी एकच काम करत असतील तर कोणती ठेवायची, असं त्यांनी मला विचारलं, आणि नेहमीसारखं उत्तरही स्वतःच दिलं.

"जिच्यावर जास्त जन टेकले असतात, ते ठेवायची. तुयावर चौघं टेकले हायेत, बापू. मायावर तुयी ताई, ते तं मायासंग येईन. मी जातो."

मी मिठाची गुळणी धरून बसलो. चहा निवला. ते उठून टपरीवाल्याचे पैसे देऊन वर गेलेसुद्धा.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ताई म्हणते, तिथे त्यांना घरासमोरच्या सारख्यासारख्या इमारती पाहवत नाहीत, खिडकीला जाड पडदा लावलाय. फोन येतो, तब्येत अर्थातच विचारत नाहीत. मी इथे आहे, संध्याकाळी पोरीचा अभ्यास घेतो, बापाला दवाखान्यात नेतो, टेस्टा हिरव्या आहेत. त्यांच्यासारखी मला रचना जमत नाही. नवीन काही लिहिलं की दहा-वीस ओळी हातून डकवल्याच जातात आणि त्या मला दाखवून द्यायला माणूस नाही. तिकडे त्यांना कुणाच्या घरात पासबुक नाही हे सांगणारं कोण असणार? आम्ही दोघं एक काम करत नव्हतो. बाजारहत्नूरच्या ओसरीवर ते मला लख्ख दिसलं होतं, आणि टपरीवर बसलो होतो तेव्हाही दिसत होतं. 'भाऊ, आपण सारखे नाई, दोघंही लागतो, चला मालकाले सांगू' एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं आणि मालकांनी नाही ऐकलं, तर पुन्हा कोण जाणार हा प्रश्न उघडा पडला असता, आणि कदाचित तो माझ्यावर आला असता. त्यांनी मला आपल्यासारखंच धरलं. मला घरी राहायचं होतं, म्हणून मी धरू दिलं.